गाडी खंय लावतलास?

लाँग वीकएण्डला मालवण गाठायचं, समुद्राजवळ रूम घ्यायची, तळलेली सुरमई हाणायची... सगळं ठरलेलं असतं. ठरलेली नसते ती एकच गोष्ट, गाडीची जागा. मग ती कुणाच्या तरी अंगणात ठरते.

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. बॉसने जाता जाता टाकलेला मेल तुम्ही 'सोमवारी बघू' म्हणून बाजूला सारता. बॅगा डिकीत, मॅपवर तारकर्ली, चौघांत पेट्रोलची वर्गणी. आणि गाडी सुरू करता करता होमस्टेवाल्याला एक मेसेज : 'पार्किंग आहे ना?'

हा मेसेज गेली दोन वर्षं माझ्या फोनवर येतो. मी काही हॉटेल चालवत नाही. माझ्या मामाने तारकर्लीच्या रस्त्याला, आपल्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत तीन खोल्या काढल्यात. त्याला टायपिंगचा कंटाळा, म्हणून बुकिंगचं व्हॉट्सअ‍ॅप डोंबिवलीच्या भाचीकडे. लोक काय काय विचारतात यावर मी आता एखादी पीएचडी करू शकेन. एसी आहे का, कमोड आहे का, बीच किती पावलांवर, व्हेज मिळेल का (मालवणात!). पण पहिला नंबर पार्किंगचाच. सोलकढीसुद्धा नंतर.

मी ठोकून देते, 'हो, आहे.'

खरं म्हणजे पार्किंग नाहीये. आहे ते मामीचं खळं.

खळं म्हणजे नुसतं अंगण नव्हे

कोकणातल्या घरापुढची सपाट, शेणाने सारवलेली मोकळी जागा म्हणजे खळं. मध्ये किंवा कडेला तुळस, पावसाळा सरला की वर माटव, म्हणजे सावलीसाठी घातलेला मांडव. फोटोत ते फार गोड दिसतं, म्हणून आपण त्याला 'कोर्टयार्ड' म्हणून मोकळे होतो. पण खळं ही कामाची जागा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला भात कापून आलं की ते इथे झोडायचं, वारवायचं, वाळवायचं. कार्तिकात इथेच तुळशीचं लग्न. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकले की फोडून, मीठ लावून त्यांची सोलं इथेच उन्हात घालायची. पावसाळ्याची बेगमी, म्हणजे खारवलेलं मासं, सांडगे, कुळीथ, तेही सगळं इथेच पसरायचं.

आता आपलं सुट्टीचं कॅलेंडर काढा. दिवाळी. मे महिना. म्हणजे खळ्याला ज्या दोन सीझनमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते, नेमक्या त्याच दोन सीझनमध्ये आपण गाडी घेऊन दारात हजर! हे माझ्या लक्षात यायला मला दोन वर्षं लागली. मामीला पहिल्याच दिवाळीत कळलं होतं. गेल्या मे महिन्यात एक पांढरी एसयूव्ही दोन रात्री खळ्यात उभी होती आणि सोलांची सूपं जिन्यावर, ओट्यावर, विहिरीच्या कठड्यावर विखुरलेली होती. मामी मामाला म्हणाली, "गाडयेक खळां दिलात, आता सोलां काय माझ्या टकलेर सुकवू?"

मामाकडे याला उत्तर नव्हतं. हिशेब मात्र होता. तीन खोल्यांच्या चार दिवसांच्या भाड्यात जेवढे पैसे येतात तेवढे सोलांत अख्ख्या मोसमात सुटत नाहीत. घराच्या कौलांचं, धाकट्याच्या इंजिनीअरिंगच्या फीचं कर्ज त्या खोल्याच फेडतात. म्हणून मामाने यंदा एका जेसीबीवाल्याकडून अंदाजपत्रक आणलं. पुढचा गडगा पाडायचा, कोपऱ्यातला फणस काढायचा, खळ्यावर पेव्हर ब्लॉक. तीन खोल्या, तीन गाड्या. मामी त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

मी मध्यस्थ म्हणून टेप घेऊन खळं मोजायला बसले. त्यात मला एक गंमत सापडली. राज्याच्या बांधकाम नियमांत एका मोटारीच्या पार्किंगची जागा धरलेली आहे अडीच मीटर बाय पाच मीटर. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, साधारण १३५ चौरस फूट. मामाची खोली आहे दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. थोडक्यात, तुम्ही दोघं झोपता त्या खोलीपेक्षा तुमची गाडी मोठ्या जागेत झोपते! शिवाय तिला आत यायला, वळायला, रिव्हर्स मारायला वेगळी जागा. आणि भाडं? 'फ्री पार्किंग.'

भाडं घरमालकाचं, गाड्या गल्लीच्या

तुम्ही पुण्यात शिकला असाल तर ही गोष्ट तुम्हाला नवी वाटणार नाही. मास कॉमची दोन वर्षं मी पेठेत 'कॉट बेसिस'वर काढली. दोन खोल्यांत आम्ही सहा जणी आणि आमच्या पाच स्कूटी. जिन्याखाली ठळक अक्षरांत पाटी : 'येथे वाहने लावू नयेत. लावल्यास हवा सोडण्यात येईल.' (सोडायचेसुद्धा. पुणेरी पाट्या पोकळ धमक्या देत नाहीत.) मग पाचही स्कूटी समोरच्या गल्लीत, दुसऱ्याच्या फाटकासमोर. काकांना सहा कॉटचं भाडं मिळायचं, गल्लीला पाच गाड्या मिळायच्या. कॉलेजांनी ॲडमिशन दिल्या, हॉस्टेलच्या जागा तेवढ्या नव्हत्या, म्हणून आसपासच्या वाड्यांनी आणि सोसायट्यांनी मुलं सामावून घेतली. मुलं मावली, त्यांच्या गाड्या मावल्या नाहीत.

मालवणात फक्त पात्रं बदललीत. विद्यार्थ्याच्या जागी पर्यटक, कॉटच्या जागी होमस्टे.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९९८ मध्ये, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला आणि टीव्हीवर अख्ख्या देशाने ती वाळू पाहिली. माणसं कशी येतील याचा विचार सरकारने भरपूर केला. ती आली, आणि त्यातली बरीचशी स्वतःच्या गाडीने आली. रेल्वेने येणाऱ्याला कुडाळ किंवा कणकवलीला उतरून पुढे एसटी नाहीतर रिक्षा गाठावी लागते, आणि दोन पोरं, आजी, चार बॅगा असलेल्या कुटुंबाला 'गाडी आणू नका' म्हणणं सोपं नाही. त्यामुळे गाडीवाल्यांना शिव्या घालायला मी बसलेली नाही. मी स्वतःसुद्धा गाडीनेच जाते.

आणि गणपतीत येणारे आमचे चाकरमानी तरी काय करतात? ते तर घरचेच. एकेका वाडीत मुंबई-ठाण्याच्या नंबरप्लेटची अशी रांग लागते की पाणंदीतून विसर्जनाची मिरवणूक एकेरी काढावी लागते. खळ्यात गाडी लावायची सवय पर्यटकांनी नाही, आपल्याच काका-मामांनी लावली.

चार ऑफिसं, एक गाडी

मालवणच्या बाजारात कधी चालत गेलायत? दोन्ही बाजूंना उतरत्या कौलांची घरं, खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि पायरी उतरलं की थेट रस्ता. हा बाजार बंदरातून येणाऱ्या मालासाठी, बैलगाड्यांसाठी आणि पायी माणसांसाठी वाढला. भरड नाक्याकडून बंदर जेटीकडे जाताना समोरून एसटी आली की एखाद्या एसयूव्हीला मागे मागे जावं लागतं, आणि मागे आणखी चार उभ्या असतात. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी जेटीवरून सुटते, त्यामुळे सगळ्यांना गाडी जेटीपर्यंतच न्यायची असते. पाचशे मीटर अलीकडे लावून चालत जायचं कुणाच्या मनात येत नाही. आपल्या मॉलच्या बेसमेंटमध्ये मात्र लिफ्टपर्यंत तेवढंच चालतो.

मग ही जागा ठरवायची कुणी? मी हे शोधायला लागले आणि पार गुंतले.

मालवण शहर नगरपरिषदेचं. तिथे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे विकास आराखडा होतो. कुठे शाळा, कुठे बाग, कुठे वाहनतळ याची आरक्षणं नकाशावर पडतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. ती नोटीस आपल्यापैकी कितीजण वाचतात ते सोडा. पण खरी मेख पुढे आहे. आरक्षण म्हणजे जागा ताब्यात आली असं नाही. दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर याच कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द. छोट्या नगरपालिकेकडे भर बाजारातली जमीन घ्यायला पैसे कुठून येणार? नकाशावरचा 'पी' कालांतराने नकाशावरच विरून जातो. हे महाराष्ट्रभर होतं, मोठ्या शहरांतसुद्धा.

शहराची हद्द ओलांडली की वायरी, तारकर्ली, देवबाग. तिथे ग्रामपंचायत. रस्ता तोच, गाडी तीच, ऑफिस वेगळं. शहरातली गर्दी कमी करायची तर गाड्या पुढे पाठवायच्या, आणि पुढे ग्रामपंचायतीला विचारलं तर ती म्हणणार, आमच्याकडे जागा कुठाय?

तिसरं ऑफिस थेट दिल्लीचं. सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. १९ फेब्रुवारी १९९१ ला पहिली अधिसूचना आली, २०११ मध्ये दुसरी, आणि १८ जानेवारी २०१९ ला आजची. भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा या नियमाखाली येतो. खेड्यांच्या भागात भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत 'ना विकास क्षेत्र' धरलेलं आहे. २०१९ मध्ये त्यात एक फाटा फुटला : २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल, तर दोनशेच्या जागी पन्नास मीटर. हा २१६१ चा आकडा कुठून आला यावर किनाऱ्यावर बरेच विनोद चालतात, ते इथे छापण्यासारखे नाहीत.

त्याच अधिसूचनेत मामासारख्यांसाठी एक खिडकी आहे. स्थानिक लोकांना, मच्छीमारांना आपल्या राहत्या घरात 'होमस्टे' चालवता येतो. अट अशी की घराचं जोतं, आराखडा आणि दर्शनी रूप बदलायचं नाही. नियम चांगला आहे. घर घरासारखंच राहतं, बाहेरचा बिल्डर येऊन टॉवर ठोकत नाही, पैसे वाडीतच राहतात. मामाने मागच्या पडवीच्या खोल्या केल्या त्या जोत्याला हात न लावता. समोरून बघाल तर घर आजोबांच्या वेळचंच.

पण बघा, जोतं जपलं, दर्शनी भाग जपला. त्याच्या पुढचं खळं? ते घरात मोडत नाही. त्यावर मजला चढत नाही, भिंत उभी राहत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. आणि चौथं ऑफिस, पर्यटन विभाग, निवास-न्याहारी योजनेत खोल्या, स्वच्छता, सोयी बघतो. पार्किंग असलं तर ती सोयच. खोल्या सगळ्यांनी मोजल्या. तिथे येणाऱ्या गाड्यांची बेरीज कोणत्याच टेबलावर झालेली नाही. एका घरात तीन, पण एका वाडीत? एका रस्त्यावर?

नव्या इमारतींचं तसं नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्याला एकत्रित विकास नियमावली लागू झाली. तिच्याप्रमाणे नवं हॉटेल बांधायचं तर आपल्या प्लॉटमध्ये पार्किंग दाखवावंच लागतं. म्हणजे भरपूर जमीन असलेला नियमात बसतो आणि दहा गुंठ्यांतला माणूस फणसावर कुऱ्हाड चालवायचा विचार करतो.

मर्यादवेलीच्या पलीकडे

देवबागला गेलात तर हा प्रश्न डोळ्यांनी दिसतो. तारकर्लीच्या पुढे जमीन चिंचोळी होत जाते. एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, मधोमध माड, घरं आणि एक रस्ता. टोकाला संगम. गाडीने पुढे जायला वाट नाही, आलात त्याच रस्त्याने परत. समुद्राकडून मोजा की नदीकडून, बहुतेक घर कुठल्या ना कुठल्या रेषेच्या आतच सापडतं. पावसाळ्यात लाटा बागायतीत घुसतात, ही इथली जुनी भीती.

अशा पट्टीवर घराच्या पुढे जागा संपली की गाड्या मागे सरकतात. मागे म्हणजे सुरूच्या झाडांत, वाळूच्या उंचवट्यांवर. तिथे एक वेल पसरलेली असते, जांभळ्या फुलांची. तिचं नाव मर्यादवेल. वाळूला धरून ठेवते, आणि तिच्या पुढे समुद्राची हद्द, म्हणून मर्याद. जिवंत वाळूच्या टेकड्यांना धक्का लावायला सीआरझेडमध्ये मनाई आहे. टायरला हे कोण सांगणार? पुढे वाळूवर गाडी फिरवून रील काढणारे आणि मग भरती चढली की ट्रॅक्टरला फोन करणारे महाभाग तुम्ही पाहिलेच असतील. (तुमच्या ग्रुपमधलाच एखादा असेल. टॅग करा त्याला.)

शिवाय ती वाळू म्हणजे कुणाचं तरी ऑफिस आहे. रापण ओढतात तेव्हा जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात, दोन बाजूंना माणसं लागतात, बराच मोठा किनारा मोकळा लागतो. मागच्या नोव्हेंबरात पहाटे एक म्हातारा रापणकर माझ्यासमोर एका गाडीच्या काचेवर टकटक करत होता. आतली मंडळी गाडीतच झोपलेली. "गाडी बाजूक घेवा रे, रापण येतली." चिडलेला नव्हता. रोजचंच असावं.

माथेरानला जमलं, पुण्याला अडलं

आपल्याकडे गाडी बाहेर ठेवून राहायला जाण्याची सवय कुणालाच नाही, असं मात्र नाही. माथेरान आठवा. दस्तुरी नाक्यावर गाडी लावायची आणि पुढे पाय, घोडा नाहीतर छोटी गाडी. फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं, पण मोटारींना मनाई त्याच्या कितीतरी आधीपासूनची. आणि म्हणून लोक जायचे थांबले का? वीकएण्डला दस्तुरीची रांग बघून या! अर्थात तिथेही सगळं गोड नाही. माणसाने माणसाला ओढायच्या रिक्षा तिथे इतकी वर्षं चालल्या, आणि त्या सहा महिन्यांत बंद करा हे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. गाडी बाहेर ठेवली की तिचं ओझं कुणीतरी उचलतं. ते कोण आणि किती मजुरीवर, हेही मग ठरवावं लागतं.

उलट पुणं. मार्च २०१८ मध्ये महापालिकेत पार्किंगचं धोरण आलं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे मोजा. शहर पेटलं. शेवटी सर्वसाधारण सभेने ते पाच रस्त्यांपुरतं प्रायोगिक म्हणून मंजूर केलं. रस्त्यावरची फुकट जागा हा आपल्याला जन्मसिद्ध हक्क वाटतो. डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने २००५ मध्ये यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं सरळ होतं : फुकट पार्किंग फुकट नसतं, त्याचे पैसे दुसऱ्याच कुणाच्या तरी बिलात लागतात, गाडी नसलेल्याच्यासुद्धा. जपानने तर १९६२ सालीच कायदा केला, गाडी ठेवायला जागा दाखवा, मग गाडी घ्या. मे २०२५ मध्ये आपले परिवहन मंत्री प्रताप सरनाईकही तसंच काहीसं बोलले होते, पार्किंगची जागा नसेल तर गाडीची नोंदणी नाही. त्यावर आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जी चर्चा झाली तिचा आवाज लिफ्टपर्यंत येत होता.

पण हे सगळं गाडी राहते त्या शहराचं. गाडी सुट्टीवर जाते त्या गावाचं काय? जपानचा माणूस घराजवळची जागा दाखवेल. मामाच्या खळ्यातली कोण दाखवणार?

माझं विचाराल तर मालवण शहराचं माथेरान होणार नाही. तिथे कसालकडून, कुडाळकडून, आचऱ्याकडून असे रस्ते येतात, आणि बाजार हा गावच्या माणसाच्या रोजच्या कामाचा आहे. त्याला दुचाकी घेऊन आत यावंच लागतं. पण तारकर्ली-देवबागची पट्टी वेगळी. जायचा रस्ता एक, यायचा तोच. तिच्या तोंडाशी एक मोठा वाहनतळ, पुढे गावच्याच रिक्षा आणि दर अर्ध्या तासाला छोटी बस, एवढं सुट्टीच्या आठवड्यांपुरतं तरी करून बघायला हरकत काय? त्यासाठी शहर, ग्रामपंचायती, पर्यटन आणि सीआरझेडवाले एका टेबलावर यायला हवेत. चार वर्षं राज्यातल्या बऱ्याचशा नगरपालिकांत प्रशासक होते, विचारायला नगरसेवकच नव्हता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, आता विचारायला माणूस तरी आहे. हे मी मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "थंय टेबल घालूक पण जागा लागतली."

पाच मिनिटं

टेबल पडेपर्यंत वाडीने आपलं एक काहीतरी करून ठेवलं. मुख्य रस्त्याला लागून एकाचं पडीक शेत आहे. मालक मुंबईला, भाऊ इथे. पाच घरांनी मिळून त्याच्याशी बोलणी केली. दिवाळीत आणि मे महिन्यात गाड्या तिथे, एका रात्रीचे गाडीमागे ठरलेले पैसे त्याला, एक मुलगा राखणीला आणि बॅगा आणायला. पाणंदीतून घरापर्यंत चालत पाच मिनिटं. कागदोपत्री हे कितपत बसतं ते विचारू नका. शेतजमिनीचा बिगरशेती वापर म्हटला की तलाठ्यापासून सुरुवात करावी लागते, आणि कुणी तक्रार केली तर काय, हा प्रश्न पाचही घरांना आहे. म्हणून बोर्ड लावलेला नाही. पाणंद अंधारी, पावसात चिखल, आजी-आजोबा असतील तर मामा आपल्या स्कूटरवरून सोडतो.

गेल्या दिवाळीपासून माझं मेसेजचं उत्तर बदललं. आता मी लिहिते : 'पार्किंग आहे. गाडी रस्त्याजवळ राहील, राखण आहे, घरापर्यंत पाच मिनिटं चालावं लागेल.'

पहिल्या पार्टीने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने विचारलं, सीसीटीव्ही आहे का, मग म्हणाला, दुसरीकडे बघतो. मामाने तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. एक खोली दिवाळीत दोन रात्री रिकामी राहिली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी! तिसरी पार्टी हिंजवडीची, दोन जोडपी. त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं. 'चालेल.'

रात्री दहाला ते आले. टॉर्चच्या उजेडात पाणंदीतून ट्रॉली बॅगांची चाकं खडखडत येत होती आणि त्यातली एकजण सारखी विचारत होती, साप असतात का हो? खळ्यात भात पसरलेलं. मामीने त्यांना कडेकडेने यायला सांगितलं. सकाळी उठून बघते तर त्यातला एकजण मामाच्या हातातलं सूप घेऊन भात वारवायचा प्रयत्न करत होता. अर्धं भात तुळशीत. मामी हसत होती, पण सूप लवकरच काढून घेतलं.

यंदाच्या मे महिन्याचं बुकिंग आता सुरू आहे. एका खोलीला गिऱ्हाईक आहे, दोन अजून रिकाम्या. फणस जागेवर आहे. जेसीबीवाल्याचं अंदाजपत्रकही जागेवर आहे, कालनिर्णयच्या मागे खोचलेलं. मामाने ते अजून फाडलेलं नाही.